मंदाबाई मोहफुले यांचे खरे नाव

२७ ऑक्टोबर

मंदाबाई मोहफुले यांना आज कंपनीची नोटीस आली. मोबाइलमधल्या ज्या चावडीवर अख्खा जिल्हा आपले जेवण, जावई आणि जावयाची मोटारसायकल दाखवतो, त्या चावडीची मालक कंपनी. "आपले नाव खऱ्या व्यक्तीचे वाटत नाही. १५ नोव्हेंबरपर्यंत सरकारी ओळखपत्र जोडा. त्यावर असेल तेच नाव खात्याला लागेल. न जोडल्यास खाते बंद." तोवर भिंतीवर नवे काही लिहायचे नाही. आलेल्या निरोपांना उत्तर देण्यापुरती मोकळीक आहे.

कंपनीचे निरीक्षण बिनचूक आहे. मंदाबाई मोहफुले म्हणजे मी. योगराज कटरे, वय बावन्न, मिशी, रामटेकला संस्कृत घेऊन एम.ए., हल्ली गोरेगावचा तालुका वार्ताहर. (आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले. मुंबईच्या गोरेगावची पत्रे अधूनमधून चुकून इकडे येतात. ती मी वाचूनच परत करतो.) नामकरण बाराव्या दिवशी करावे असे शास्त्र आहे. माझे दुसऱ्यांदा करायला कंपनीला बावन्न वर्षे लागली.

गंमत अशी की पेपरात मी पंचवीस वर्षे निनावीच आहे. बातमीवर छापतात 'वार्ताहर'. तिथे कोणी माझे आधारकार्ड मागितले नाही.

मंदाबाई लॉकडाऊनात जन्मली. पेपरात मी "सदर घटनेची गंभीर दखल घेण्यात आली" असे लिहितो. आईशी जसे बोलत होतो तसे लिहायला आई गेल्यावर जागाच उरली नव्हती. योगराज सरांनी "काऊन बापा" लिहिले असते तर लोक म्हणाले असते, सर बिघडले. मंदाबाईला बिघडायची सोय होती. ती गॅस सिलिंडरवर लिहायची, आयत्या वेळी रुसणाऱ्या जावयांवर लिहायची, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सांवर. "उमेंद्रभाऊले इतके शुभेच्छुक हायेत, त्यातल्या एकानं नाली साफ केली असती त डास कमी झाले असते." उमेंद्रभाऊ म्हणजे आमचे युवा नेते. तक्रार कोणाकडून गेली असेल हे कळायला ज्योतिषी नको.

मला अपेक्षित नव्हते ते वेगळेच. बाया खाजगीत लिहू लागल्या. सासू, गुडघे, दारू, न झालेले मूल, झालेली मुलगी. मंदाबाई सगळ्यांना उत्तर देते. आज त्या साऱ्याजणींचे निरोप पुन्हा काढून वाचले.

२८ ऑक्टोबर

बसस्टँडसमोर वीरेंद्रचे मोबाइलचे दुकान आहे. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा, अजूनही मागूनच बोलल्यासारखा बोलतो. त्याला विचारले, "एका मित्राला खात्याचं नाव बदलायचं आहे. जुन्या निरोपांवर जुनंच नाव राहते ना?"

"नाई ना सर. जुन्या मेसेजवर भी नवंच नाव दिसते. फोटोसकट."

"सगळ्यांच्या फोनमध्ये?"

"सगळ्यायच्या. मित्राले सांगा, घाबरू नको म्हणा." आणि हसला. माणूस चांगला आहे, पण उगाच हसतो.

म्हणजे मोहाडीच्या एका सुनेने मंदाबाईला जे तीन महिन्यांत कळवले, ते तिने मिशीवाल्या योगराज कटऱ्याला कळवले, असे तिला तिच्याच फोनवर दिसेल. खाते मरू दिले तर निदान लाज वाचेल. त्यांची आणि माझीही. माझी आधी लिहायला हवी होती.

३० ऑक्टोबर

मुन्नीबाईचा फोन. माझी थोरली बहीण, जंगलाकाठी बोरटोल्याला दिली आहे. गावची मंडई तेरा नोव्हेंबरला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते; दुकाने, दंडार हे रात्रीचे लोकनाट्य, लेकीबाळी माहेरी, पाहुण्यांना जेवण. यंदा त्यात सत्कारही आहे: रिंकीचा. माझी भाची मुंबईच्या पोलीस भरतीत निवडली गेली. निकाल लागला त्याच दिवशी मी बातमी दिली, 'बोरटोल्याच्या भूमिकन्येची गरुडझेप', तीन कॉलम, फोटोसह. पोरीला विचारायला सवडच नव्हती; पान सुटायची वेळ झाली होती.

"रिंकी खूश आहे ना?" मी विचारले.

"खूशच असन," मुन्नीबाई म्हणाली. "पाहाटे उठून धावून राहिली अजून. मी म्हणतो, आता कायले धावतं वं, लागली ना नोकरी? त म्हणते, सवय हाय."

मेहनती पोर. माझ्याकडे तिने आजवर काही मागितले नाही. त्यालाही कारण आहे. आमच्या पोवार समाजात मामा भाचा-भाचीच्या पाया पडतो, आणि त्यांनी मागितले तर मामाला नाही म्हणता येत नाही. मी सहा वर्षांचा असताना मामाला त्याची सायकल मागितली होती. त्याने दिली, आणि पुढे कितीतरी वर्षे तो शाळेत शिकवायला पायी गेला. म्हणून आमच्यातले शहाणे भाचे मामाजवळ तोंड उघडत नाहीत.

३१ ऑक्टोबर

मंदाबाईला एक नवी मुलगी लिहू लागली. नाव खुशी. गाव सालेकसाकडे, म्हणते.

"मंदामावशी, मले मोठी नोकरी लागली. बाहेरगावी. सगळ्यायनं पेढे खाल्ले. मले जायचं नाई."

"मंग कायले परीक्षा देल्ली?"

"धावाले आवडते म्हणून. सगळे म्हणत गेले, धाव, धाव. मी धावली. पोहोचल्यावर समजलं का मले इथं यायचंच नव्हतं."

तिला जंगलात गाईड व्हायचे आहे. घराजवळच्या सफारीच्या गेटवर निवडही झाली आहे; पगार नाही, फेरीमागे मिळेल ते. घरी कोणाला ठाऊक नाही. पुढे कसलासा कार्यक्रम आहे, तो एकदा झाला, की 'नाही' म्हणायची वाट बंद, असे तिला वाटते.

"बाप मारते का?"

"नाई मावशी. थो रडते. आनंदानं. मारत असता त सोपं होतं."

आजकाल सगळ्याच पोरी धावतात असे दिसते. तिची बातमी पेपरात आली, हेही तिने सांगितले. कोणत्या पेपरात ते विचारले नाही; आमच्या प्रतिस्पर्ध्याचे काम असणार. त्यांना माणसाला न विचारता छापायची खोड आहे.

२ नोव्हेंबर

आज एक उद्योग करून पाहिला, तो इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा करणार नाही.

बसस्टँडवर भजे तळते तिचे नाव खरोखरच मंदाबाई. तिचे ओळखपत्र जोडले तर आडनाव बदलेल, पण बाई बाई राहील. गिऱ्हाईक कमी झाल्यावर हळूच म्हटले, "मंदाबाई, तुझं आधारकार्ड एका दिवसासाठी मिळेल का?"

तिने झारा कढईवर ठेवला. "कायले? बायायच्या योजनेत तुमचं नाव टाकता का, सर?"

"नाही नाही. एका नावाची अडचण आहे."

"माह्यं कार्ड घेऊन तुमी मंदाबाई होसान, मंग मी कोन होऊ? योगराज सर? मले जमन थे. दिवसभर बसाचं अन् दुसऱ्याच्या बातम्या लेहाच्या." शेजारचा केळीवाला खो खो हसला. तिने मला दोन भजे फुकट दिले. दया आली असावी.

घरी बायकोला, दुर्गेश्वरीला, काही सांगितले नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "का जी, दुसऱ्याचं कार्ड कायले मांगता? स्वतःचं हाय ना पेटीत."

ही बातमी बसस्टँडवरून घरी माझ्याआधी कशी आली, कळत नाही. तालुक्याला खरे तर वार्ताहराची गरज नाही.

५ नोव्हेंबर

खुशीने आज सरळ विचारले. "मावशी, तुमी माह्या जागी असत्या त काय केलं असतं? खरं सांगा. मले बरं वाटावं म्हणून नोको सांगू."

वार्ताहर म्हणून माझे उत्तर तयार असते: संधीचे सोने करा. तीन कॉलम. पण विचारले होते मंदाबाईला. नोकरीला नाही म्हणणारी पोर मूर्ख म्हणावी की काय, मला नक्की सांगता येईना. शेवटी जे खरेच वाटले ते लिहिले.

"मी त नसती गेली. पैसा कमी पडन, लोक नाव ठेवतीन, थेही समजून घे. पण मन नसताना गेली त रोज सकाळी उठून दुसऱ्या कोनाची नोकरी करशीन. सांगाचं असन त कार्यक्रमाच्या आधी सांग. एकटी नोको जाऊ बापापुढं. घरातलं मोठं माणूस संग घे. मामा हाय का?"

"हाय."

"कसा हाय?"

"बोलते लय. पण मनाचा चांगला हाय."

त्या अनोळखी मामाबद्दल मला सहानुभूती वाटली. "मंग त्याले ने. मामा कायले असते?"

"मी मांगलं त त्याले नाई म्हणता येत नाई, मावशी. त्याच्या मनात नसलं तरी याव लागन. बाबासंग त्याचं वाकडं होईन. म्हणून त मी तुमाले विचारून राहिली."

पोरगी पोवारांचीच दिसते. मी लिहिले, "एकदा विचारून त पाय." थोड्या वेळाने तिचे आले, "मावशी, तुमी आता जासान त नाई ना? लोक म्हणून राहिले का मंदाबाईचं खातं बंद होनार."

फोन बंद करून मी उद्याची बातमी लिहायला बसलो.

६ नोव्हेंबर

दिवसभर चिडचिड. एका पोरीला म्हणतो बापासमोर उभी राहा, आणि स्वतः बाईच्या पदराआड बसलो आहे. खाते मरू दिले तर तिला वाटेल, मावशीने नेमक्या वेळी पाठ फिरवली. कार्ड जोडले तर कळेल की मावशी नव्हतीच. दोन्हीकडून फसवणूक मीच करणार. पण दुसरीत निदान तिला शिव्या द्यायला पत्ता मिळतो.

पेटीतून आधारकार्ड काढले. त्यावरचा फोटो मी नाकारू शकलो असतो तर नाकारला असता. जोडले. पाठवले.

८ नोव्हेंबर

सकाळी मंदाबाई गेली. तिच्या जागी मी, मिशीसकट. पाच वर्षांतल्या प्रत्येक "वं माय"च्या शेजारी योगराज कटरे.

फोन धानाच्या ढोलीत ठेवला आणि शेतावर कापणी पाहायला गेलो. कापणीला माझी गरज नव्हती, हे मजुरांनी दोनदा सांगितले. दुपारी परतलो तो दुर्गेश्वरी ढोलीत हात घालून उभी. "वाजून राहिला कवाचा. उंदीर पळाले."

मग तिच्यासमोरच उघडला, कारण ती हलत नव्हती.

पहिला निरोप शकुंतलाबाईचा, आमगावची, गुडघेवाली. "अखेर सापडले का सर?"

दुसरा मोहाडीच्या सुनेचा. मी डोळे मिटले, पण दुर्गेश्वरीने मोठ्याने वाचला. "सर, तुमी एकदा लेहलं होतं का पऱ्हे खोदून खोदून माही कंबर गेली. पऱ्हे बाया खोदतात का? माणसं खोदतात, बाया रोवतात. थ्याच दिवशी आमी बांधीत हसून हसून पडलो. मंदाबाई माणूस हाय. मंग तालुक्यात लेहनारा अन् रिकामा माणूस कोन, थे शोधाले किती वेळ लागते?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपे; लहानपणी बापाबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मी तीच खोदली. रोवणाऱ्या बायांच्या ओळीत मला कोणी उभे केले नव्हते. चूक अशी सहज झाली.

मी त्या सुनेला लिहून विचारले, माहीत होते तर लिहीत का राहिलात?

"सरले सांगता येत नाई जी. सर समोर आले का आमी डोक्यावर पदर घेतो. मंदाबाईले सांगता येते. तुमी कधी गावात भेटले तरी ओळख दाखवली नाई, थे पाहलं आमी."

त्यांना वाटले मी शिष्टाचार पाळतो. मी नुसताच ओळखत नव्हतो. हे मी कळवले नाही.

बाकीच्यांचेही असेच निघत गेले. चिडलेल्या फक्त दोघी: एकीला मंदाबाई खरी वाटत होती, दुसरीला मी तिच्या लोणच्याला नावे ठेवली होती ते आठवले. पहिलीची माफी मागितली. ती म्हणाली, दोन दिवस बोलणार नाही. दोनच दिवस! मी इतका हलका झालो की चहा मागायचेही सुचले नाही.

"तुला कधीपासून माहीत?" मी दुर्गेश्वरीला विचारले.

"पहिल्याच दिवशी. माह्या आत्याची म्हण तुमी मंदाबाईच्या तोंडी घातली."

"मग बोलली का नाहीस?"

"सासूबाई गेल्यावर तुमी घरात बोलतच नव्हते. मंदाबाई बोलून राहिली होती. मी म्हटलं, बोलू द्या."

चहा मग मीच टाकला, दोघांचा.

खुशीचे मात्र काहीच आले नाही.

९ नोव्हेंबर

आजही नाही. काल रात्री मी पाठवलेला माफीचा निरोप वाचल्याची खूण आहे, उत्तर नाही. बाकी साऱ्या तालुक्याने माफ केले आणि जिला माझी गरज होती तीच गेली. सालेकसाच्या वार्ताहराला फोन केला: तिकडे खुशी नावाची कोणी नुकती नोकरीला लागली का? तो म्हणाला, "इकडं कोनी नाई. तुमच्या तालुक्यात म्हणान त तुमची भाचीच लागली."

१० नोव्हेंबर

रिंकी मंडईचे निमंत्रण घेऊन स्कूटीवर आली. नेहमीप्रमाणे मी वाकून तिच्या पाया पडलो. नेहमीप्रमाणे ती अवघडली. पाणी प्यायली, आणि पेला हातात तसाच धरून म्हणाली, "मामाजी, मावशीनं सांगितलं का मामाले एकदा विचारून पाय."

"कोणत्या मावशीनं?" मी म्हणालो. मुन्नीबाईला बहीण नाही.

आतून दुर्गेश्वरी ओरडली, "अवो सरस्वतीचे वरदपुत्र!"

रामटेकला गुरुजी माझ्याबद्दल म्हणत, याला अर्थ कळतो, पण पुढच्या दिवशी. यावेळी दहा दिवस लागले.

"तुला माहीत होतं मीच आहे म्हणून?"

"पऱ्ह्यापासून."

"मग इथं येऊन का नाही बोलली? घर काय लांब आहे?"

"मी मामाले मांगलं असतं त मामा होच म्हणला असता." तिने पेला खाली ठेवला. "मले होचं उत्तर नोको होतं. खरं पाह्यजे होतं. अन् थे तुमी पेपरात भी देल्लं नसतं."

बातमीचा विषय निघाला तेव्हा मी मिशीकडे पाहत होतो, म्हणजे खाली.

"आणि नाव बदलल्यावर गप्प का झाली?"

"मावशीचं नाव गेलं अन् तिथं मामा दिसला. मामाले लेहाले भेव वाटलं. म्हणून गाडी काढली." मग अगदी हळू, "आता मांगतो. संग चाला."

म्हटले, मंदाबाईचे मत तुला माहीत आहे. मामाचेही तेच. उद्या जाऊ.

११ नोव्हेंबर

जियालाल जिजाजी खळ्यावर होते. रिंकी माझ्या मागे, मुन्नीबाई दारात. मी प्रस्तावना सुरू केली, ती जरा लांबली, तेव्हा रिंकीच पुढे झाली. "बाबा, मले मुंबईले जायचं नाई. गेटवर गाईड म्हणून निवड झाली माही. मी इथंच राहीन."

जिजाजींनी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला. मी मनात भांडणाची पहिली तीन वाक्ये जुळवून ठेवली.

"सालेबाबू," ते शेवटी म्हणाले, "हे तुमाले मंजूर हाय?"

"आहे."

"मंग बातमी कायले देल्ली होती बापा? तुमी तीन कॉलम छापलं, मले वाटलं सालेबाबूची इच्छा हाय, पोट्टी जाईन. तुमच्या शब्दाले मी खोटा कसा पाडू? तवापासून हे मुन्नी धड जेवली नाई."

"तुमी त आनंदानं रडून राहिले होते," मुन्नीबाई म्हणाली.

"आनंदानं कोन रडते वं इतकं?"

रिंकी मटकन धानाच्या ढिगावरच बसली आणि हसत सुटली. मग रडली. मुन्नीबाईने तिला तिथेच जवळ घेतले. जिजाजींनी फक्त एक हरकत घेतली: गाईडले वाघ दिसते तसा वाघालेही गाईड दिसते. त्यावर रिंकीने दहा मिनिटे उत्तर दिले. मला त्यातले अर्धे समजले, पण इतके एका दमात बोलताना तिला मी पहिल्यांदा ऐकले.

सत्काराचे काय, हा प्रश्न उरला. जिजाजी म्हणाले, "होऊ द्या. गाईड झाली म्हणून करू. हार थोच, शाल थेच." फ्लेक्सवरच्या 'पोलीस' शब्दावर चिकटवायला पांढरा कागद आणायला मला पाठवले. मी तक्रार न करता गेलो. तो शब्द माझ्याच बातमीतून उचलला होता.

१३ नोव्हेंबर

मंडई. गर्दी, जिलेबी, दंडारीचा ढोल. उमेंद्रभाऊंच्या हस्ते सत्कार, आणि त्यांनी भाषणात सांगितले की आपल्या लेकी आपल्या जंगलात राहिल्या पाहिजेत, हे ते पहिल्यापासून म्हणत आहेत. कोणी हसले नाही, मीही नाही. जिजाजी पुन्हा रडले. कशाने ते यावेळी विचारावे लागले नाही.

बातमी पाठवली. यावेळी रिंकीला आधी वाचून दाखवली. तिने 'गरुडझेप' काढायला लावले.

१६ नोव्हेंबर

कंपनीचे पत्र: आपल्या खात्याची पडताळणी पूर्ण झाली, खऱ्या नावाने वावरल्याबद्दल आभार. आभार मानायचे तर मी मोहाडीच्या सुनेचे मानीन.

दुपारी नवा निरोप. ओळख नाही, फोटोत जास्वंदाचे फूल.

"योगराज सर, नमस्कार. तुमी जरा बाजूले व्हा जी. मले मंदाबाईसंग बोलाचं हाय."

दुर्गेश्वरी शेजारी मिरच्या खुडत होती. तिने वाचले, आणि चटई माझ्यापासून हातभर लांब ओढली.

मी लिहिले, "बोल वं माय. आयकून राहिली मी."